मंजू, एसी वाढव

आमचे बाबा मारण्याआधी चष्मा काढायचे. तो डबीत ठेवायचे, मनगटावरचं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचे, शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर सारायचे आणि अगदी हळू आवाजात मला म्हणायचे, "मंजू, एसी वाढव." अबुधाबीच्या आमच्या फ्लॅटमधला खिडकीतला तो एसी जुना होता. 'हाय'वर टाकला की असा घरघरायचा की शेजारच्या खोलीतलं काही इकडे आणि इकडचं काही तिकडे ऐकू जात नसे, आणि त्यासाठीच तो वाढवायचा असे. फ्लॅट शेअरिंगमध्ये होता. हॉल आमचा, बेडरूम रत्नागिरीकडच्या रुकय्याचाचीची, स्वयंपाकघर आणि बाथरूम दोघांत मिळून. म्हणजे भिंतीपलीकडे माणसं होती आणि बाबांना माणसांची लाज होती. आईला मारण्याची नव्हती, ते ऐकू जाण्याची होती. बटण फिरवायचं काम माझं. हात पोचत नव्हता तेव्हा मी स्टुलावर चढून ते करत असे.

मारायला कारण काहीही पुरत असे. आमटीत मीठ जास्त, आईने नाशिकला मामाला केलेला फोन लांबला, साइटवर कुणी बाबांना चार शब्द सुनावले. बाबा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते, तेलकंपन्यांची कामं घेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे, आणि दिवसभर गोऱ्या साहेबांपुढे "येस सर, शुअर सर" करून आलेला तो माणूस घरी आला की जिन्यातच त्याच्या किल्ल्या वाजायच्या. त्या आवाजावरून आम्हाला कळे, आज कसं आहे ते. आई ओरडत नसे. फ्रिजला पाठ लावून दोन्ही हातांनी डोकं झाकून ती नाकातून एक बारीक आवाज काढायची. स्टीलची भांडी पडायची, तेवढा मोठा आवाज. मला मारताना ते ड्रॉइंगची स्टीलची पट्टी वापरायचे, तिच्या कडेने. मग बाबा हात धुऊन यायचे, चष्मा लावायचे, आणि आई आमटी पुन्हा गरम करून वाढायची. "आज सुरमई फ्रेश दिसतेय," असं काहीतरी ते म्हणायचे. मी जेवायचे. त्या घरात भूक कशी लागायची, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आई चाचीला सांगायची, "बाथरूममध्ये पाय घसरला." माझ्या शाळेत मी जिन्यावरून पडलेली असायचे. आमच्या घरात कुणी कुणाला काही करत नसे, सगळे नुसते पडत असत. चाचीचा नवरा उम्म अल कुवैनला, इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजमध्ये. तो गुरुवारी संध्याकाळी यायचा, जुम्मा घालवून परत जायचा. बाकी आठवडाभर ती एकटी. ती बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा पेला आईपुढे सरकवायची आणि म्हणायची, "त्याच बाथरूममध्ये मी पण रोज न्हातेय गो. माझा पाय कसा घसरत नाय?" आई चहात बघत राहायची. जानेवारीत अबुधाबीत कुणी एसी लावत नाही. त्या दिवसांत आमचा घरघरायला लागला की पलीकडून भिंतीवर एक थाप पडायची. एकच. बाबा क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सुरू करायचे.

थंडीशी माझी ओळख ही अशी झाली. गार हवेचा झोत मानेवर आला की माझे खांदे आपोआप वर जात. कुणी तेव्हा सांगितलं असतं की ही मुलगी पुढे आयुष्यातली वीस वर्षं बर्फावर काढणार आहे, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. वाजवली असतीच, कारण राग माझ्याही नाकावर असायचा. स्कूलबसमध्ये एका मुलीने माझ्या आईच्या काळ्यानिळ्या दंडाबद्दल विचारलं, तर मी तिच्या तोंडावर कंपासपेटी मारली होती. तिचा दात पडला. घरी आल्यावर मी सांगितलं, बसने ब्रेक मारला.

बाबांच्या बॉसच्या घरी दरवर्षी पार्टी असे. बॉस स्कॉटलंडचा, त्याची बायको मोराग, उंच, लाल गालांची, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा. त्या वर्षी मी सतरा वर्षांची, खांद्यांनी रुंद, आईच्या भाषेत "घोडी". मोरागने माझा हात हातात घेतला, दंड दाबून पाहिला आणि बाबांना म्हणाली, तुझी मुलगी मला दे, माझ्या टीममधली एक जण देश सोडून गेलीय. (ती इंग्रजीतच बोलायची; मी मराठीत लिहितेय.) कसली टीम, बाबांना कळलं नाही, पण बॉसच्या बायकोला नाही कोण म्हणणार? "शुअर, मॅडम! व्हाय नॉट, मॅडम!" घरी आल्यावर कळलं की त्या खेळाचं नाव कर्लिंग आणि त्यात बर्फावर झाडू मारतात. बाबा म्हणाले, "तिथे फरशी पुसायला जाणार काय माझी पोरगी?" आई म्हणाली, "झाडूच मारायचा तर घरात काय कमी आहे?" आणि मग माझ्याकडे बघून पदराआड हसली. आईला हसताना पाहिल्याचे प्रसंग मला मोजून सांगता येतील, त्यातला तो एक.

वाळवंटात बर्फ कसला, असं मला आज कॅनडातली मुलं विचारतात. शहरात आइस रिंक होता. त्याच्यावर पोरंटोरं स्केटिंग करत, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तो मोरागच्या या कर्लिंगवाल्या बायकांना मिळे. सोळा दगड होते, ग्रॅनाइटचे, हँडल लावलेले, एकेक वीस किलोच्या आसपासचा, कुणीतरी घरसामानाच्या कंटेनरमधून आणलेले. स्केटिंगने चरे पडलेल्या बर्फावर आधी पाणी शिंपडून बारीक खडबडीत करायचा. मग एका टोकाला पाय रोवून, गुडघ्यावर घसरत दगड सोडायचा. तो दुसऱ्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळात, मध्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबला पाहिजे. समोरच्या टीमचे दगड उडवायचे, आपले राखायचे. दगड जात असताना दोघींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासायचा, म्हणजे तो लांब जातो, सरळ जातो. त्या ब्रशला आम्ही सगळ्या देशी बाया झाडूच म्हणत असू. अर्थात आम्ही सगळ्या म्हणजे मी आणि बघायला येणारी आई.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि ती गार हवा अंगावर आली तसे माझे खांदे कानांना टेकले. मी मार खायला तयार उभी राहिले. कुणी मारलं नाही. मोराग ओरडली, "स्वीप! हार्ड! हार्डर!" आणि मी इतक्या जोराने घासलं की तळहाताची साल निघाली. महिनाभरात मला कळलं की या थंडीत मारायचं काम माझं आहे. हळुवार टाकायचा, कुणाच्या कडेला अलगद टेकून थांबणारा दगड मला कधी जमला नाही. मला दुसऱ्यांचे दगड उडवायला आवडायचे. ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट आदळल्याचा तो आवाज छातीत बसायचा. दोन दगड एका फटक्यात बाहेर गेले की मी दात ओठ खाऊन हसायचे. त्या दगडांच्या जागी मी कुणाला बघत होते, ते सांगायला नकोच.

या खेळात अंपायर असून नसल्यासारखा. घासताना तुमचा झाडू चालत्या दगडाला नुसता लागला, तरी तो दगड बाद. आणि हे कुणी पकडायचं नसतं, ज्याचा लागला त्याने स्वतः हात वर करून सांगायचं असतं. पहिल्याच मोसमात माझा झाडू लागला. मी मान खाली घालून घासत राहिले. दगड मस्त थांबला, मुली ओरडल्या. मोराग चालत आली, वाकली आणि आमचाच दगड पायाने बाहेर सारला. "मी पाहिलं," ती म्हणाली. "पण मी पाहणं महत्त्वाचं नाही. तू का नाही सांगितलंस?" आपण केलेलं आपण सांगायचं असतं, हे मला आजवर कुठे कुणी दाखवलं होतं? मी म्हणाले, "आय स्लिप्ड." "तुझा हात तूच वर करायचा," ती म्हणाली. "नाही जमत, तर उद्यापासून येऊ नकोस." रडत घरी गेले. पण आठवड्याने परत गेले आणि मग कधी चुकले नाही. झाडू लागला की हात वर. पुढे पुढे मला त्याची चटकच लागली. हात वर केला की दोन सेकंद जीव जायचा, आणि मग काही व्हायचं नाही. कुणी चष्मा काढायचं नाही.

बाबांनी खेळ बंद केला नाही, त्याचं कारण एवढंच की ऑफिसात त्यांना सांगता येई, "माय डॉटर प्लेज विथ मॅडम." दुसऱ्या वर्षी दुबईची टीम आमच्याशी खेळायला आली तेव्हा बॉसने बाबांना आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. शुक्रवारची दुपार होती. बाबांनी टाय लावला होता. आई मागच्या रांगेत, साडीवर माझा स्वेटर, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला, मांडीवर दोन्ही टीमसाठी केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा. आमची शेवटपर्यंत बरोबरी चालली होती. दुबईचा एक दगड वर्तुळात होता आणि आमचा शेवटचा दगड उरला होता, मोरागचा. तो आत, मध्याच्या जवळ थांबला की आम्ही जिंकलो. तिने सोडला तेव्हाच आम्हाला कळलं की दगड चांगला आहे. मी आणि दुसरी मुलगी दोन्ही बाजूंनी घासत निघालो. मोरागचं "हार्ड! हार्ड!" मागून ऐकू येत होतं, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या मनगटाला एक टिचकी जाणवली. एवढीशी. माझ्या झाडूची कड दगडाला लागली होती. शेजारच्या मुलीने पाहिलं नाही, दुबईच्यांनी पाहिलं नाही, मोराग लांब मागे होती. दगड आपला चाललाच होता, सरळ. मी बाबांकडे पाहिलं. ते अर्धवट उठून टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. मी हात वर केला.

आम्ही हरलो. दुबईच्या कॅप्टनने येऊन हात मिळवला. या खेळात जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना काहीतरी पाजायचं असतं, म्हणून तिने मला हॉट चॉकलेट पाजलं. मोरागने माझ्या पाठीत धपका घातला, प्रेमाचा. मी तरी दचकलेच. आईने हळूच विचारलं, "हात का वर केलास गं?" मी सांगितलं. "पण कुणाला दिसलं नव्हतं ना?" मी म्हणाले, "मला दिसलं होतं." ती डब्याचं झाकण उघडत-लावत राहिली. तेवढ्यात बॉस बाबांना हसत हसत म्हणाला, तुझी मुलगी तुझ्यापेक्षा प्रामाणिक आहे बुवा. सगळे हसले. बाबाही हसले. टॅक्सीत मात्र बाबा नुसत्या किल्ल्या हातात फिरवत राहिले.

घरी दार लागल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला. घड्याळ काढलं. "कुणी बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "हू आस्क्ड यू? चार लोकांत माझं नाक कापलंस. आणि ही तुझी आई, हिनेच शिकवलं असणार." बाह्या वर गेल्या. "मंजू, एसी वाढव." मी खिडकीपाशी गेले. एसी सकाळपासून 'लो'वर चालूच होता. आणि एसी बंद केला. ठरवून नाही केलं, हाताने केलं. ती घरघर थांबली आणि घर इतकं उघडं पडलं की काय सांगू. खालचा रस्ता ऐकू आला, मगरिबची अजान, स्वयंपाकघरात चाचीच्या तव्यावरची भाकरी भाजल्याचा वास नि आवाज दोन्ही. बाबांना वाटलं चुकून झालं. "वाढव म्हणालो." मी म्हणाले, "नो." त्यांनी माझ्याकडे यायचं, तर ते आईकडे वळले. केस धरून तिचं डोकं फ्रिजच्या कडेवर आपटलं, आणि पहिल्यांदाच तो आवाज मी नीट ऐकला. एसीखाली तो इतकी वर्षं मला कधी ऐकू आला नव्हता. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा आई ओरडली. मोठ्याने, पूर्ण तोंड उघडून. तिच्या कपाळावरून रक्त भुवईत उतरलं.

झाडू माझ्या खांद्यालाच होता. मोरागने दिलेला, जाड लाकडी दांड्याचा. मी दोन्ही हातांनी धरला आणि आईच्या केसांत गुंतलेल्या त्या हातावर घातला, कोपराच्या खाली. काड्‌ असा आवाज झाला. बाबा खाली बसले. हात भलत्याच जागी वाकला होता. मी लपवत नाही, मला आनंद झाला. तोच, दोन दगड एका फटक्यात उडवल्यावर व्हायचा तो. त्यांनी दुसरा हात डोक्यावर धरला, अगदी आई धरायची तसा, आणि मी पुन्हा झाडू उचलला. या वेळी डोक्यावरच घालणार होते. मागून कुणीतरी दांडा धरला. रुकय्याचाची होती, हात पिठाचे. "खलास! बस झालं!" ती ओरडली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, "आता शोभतेस हां त्याची लेक." इतका मार खाल्ला मी आयुष्यात, पण त्या वाक्याइतका कुठला लागला नाही.

चाचीचा नवरा जुम्म्यामुळे घरी होता. त्यानेच गाडी काढली. इमर्जन्सीत सुदानी डॉक्टर, केरळची नर्स आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेला पोलीस. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? बाबा म्हणाले, "बाथरूममध्ये पाय घसरला." आईचं वाक्य, शब्द न् शब्द. डॉक्टरने आईच्या कपाळाकडे बोट केलं. आई पदर दाबून म्हणाली, "मीपण. दोघंही घसरलो." नर्सने पेन थांबवलं. मला हसू यायला लागलं, आणि हसताहसताच लक्षात आलं की आता पुढचं वाक्य माझं आहे. मी गप्प राहिले तर आजपासून आम्ही तिघंही पडणारे. आणि मी बाबांसारखीच, मारून हात धुऊन जेवायला बसणारी.

मी हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ. "आय हिट हिम," मी म्हणाले. "विथ अ ब्रूम. अँड ही डिड दॅट टु माय मदर." बाबा मराठीत पुटपुटले, दातांतून, "मंजू, अक्कल आहे का? व्हिसा माझ्यावर आहे तुमचा. उद्या दोघींना गावाला पाठवीन. तुझी शाळा, तुझा तो बर्फ, सगळं खलास." धमकी नव्हती ती, खरंच होतं. आम्ही दोघी त्या देशात होतो त्या त्यांच्या सहीवर. पोलीस उठून आला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग हिंदीत, बऱ्यापैकी मऊ आवाजात, आईला विचारलं, "आप बोलो, बहन. लडकी सच बोलती है?"

मी आईकडे बघत नव्हते. माझं झालं होतं, मी केलेलं मी सांगितलं होतं. तिला ओढून नेण्याचा मला हक्क नव्हता, आणि ती आता परत "पाय घसरला" म्हणाली तर मी काय करणार होते, तेही मला माहीत नव्हतं. मग नर्स म्हणाली, "चेची," म्हणजे ताई, "हाथ नीचे, खून आ रहा है." मी वळून पाहिलं. आईने कपाळावरचा पदर सोडला होता आणि हात वर केला होता. अर्धवटच, स्वेटरची बाही कोपरापर्यंत घसरलेली. "लडकी सच बोलती है," आई म्हणाली. "झूठ मैं बोलती थी. बारा साल से."

त्या दोन हातांची किंमत आम्ही चुकवली, हे लिहिलं पाहिजे. पोलिसांनी कागद केले, बाबांकडून लिहून घेतलं, माझ्याविरुद्ध त्यांनी तक्रार केली नाही. लाज आड आली असणार. तीन आठवडे आम्ही उम्म अल कुवैनला चाचीच्या दिरांकडे राहिलो, आणि तेवढ्यात बाबांनी दोघींचे व्हिसा रद्द केले. परीक्षा बुडाली. मोराग एकदा भेटायला आली, फ्लॅटमध्ये राहिलेला झाडू चाचीकडून घेऊन. म्हणाली, हा तुझा आहे, तू ठरव याचं काय करायचं. नाशिकला मामाच्या माळ्यावर तो दहा वर्षं पडून होता. पुढे नोकरीने कॅनडात नेलं, आणि एका बारक्या गावातल्या क्लबात मी परत बर्फावर पाय ठेवला, अठ्ठावीस वर्षांची होऊन. त्या खेळण्याबद्दल, जिंकण्या-हरण्याबद्दल मी इतरत्र लिहिलंय. आता गुडघे गेले; पोरींना शिकवते. कुणाचा झाडू लागला आणि ती मान खाली घालून घासत राहिली, की मी ओरडत नाही. आधी तिचे दंड बघते.

आईला अजून एसी चालत नाही. पण सगळ्यात जास्त आठवतं ते भारतात परततानाच्या विमानातलं. कपाळावर टाक्यांचा ताजा व्रण, पुढ्यात ट्रे, आणि ती त्या छोट्याशा पावाला लोणी लावत बसलेली. मी तेव्हा कोलमडले होते. मी म्हणाले, "आई, मी रिंकवर हात वर केला नसता तर आपण जिंकलो असतो. बाबा खूश झाले असते. त्या दिवशी त्यांनी मारलं नसतं."

आईने पावाचा तुकडा तोंडात टाकला, चावून गिळला.

"पुढच्या जुम्म्याला मारलं असतं," ती म्हणाली. "आणि एसी तूच वाढवला असतास."